जी६पीडीची अँटीबॉडी, नको असलेला बँड आणि काळ्या लघवीचा मुलगा

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडच्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवता. प्रायमाक्वीन हे मलेरियाचं औषध घेतल्यावर काही जणांच्या लाल पेशी का फुटतात हे विद्यार्थ्यांना दाखवायचं म्हणून तुम्ही माणसाच्या ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे जी६पीडी या एन्झाइमविरुद्धची सशाची पॉलिक्लोनल (प्रथिनाच्या अनेक जागा ओळखणारी) अँटीबॉडी मागवली. पार्सल मे महिन्यात चार दिवस रखडलं, खोक्यातल्या बर्फाच्या पिशव्या कोमट झाल्या होत्या. आठ जणांच्या लाल पेशींचं वेस्टर्न ब्लॉट केलं, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवली आणि अँटीबॉडी जिथे चिकटली ती जागा फिल्मवर बँड म्हणून पाहिली. ५९ किलोडाल्टनजवळ एक फिकट बँड, ५० च्या आसपास दुसरा ठळक बँड, १६ आणि ३२ ला काळेभोर डाग. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे बँड यायलाच हवा असा नमुना, म्हणून लावलेल्या शुद्ध एन्झाइमच्या लेनमध्ये काहीच नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी प्रायमाक्वीननंतर ज्या मुलाची लघवी काळी झाली होती, त्याचा ५९ चा बँड इतर सात जणांइतकाच. तुम्ही दोन गोष्टी विचारता: अँटीबॉडी उन्हानं खराब झाली का, आणि या मुलाला जी६पीडीची कमतरता नाही असं धरायचं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात एका पोराचा जीव आहे. नाही, तसं अजिबात धरू नका. ती फिल्म त्याच्या आईवडिलांना किंवा आशाताईंना दाखवूही नका. त्याच्या कार्डावर 'प्रायमाक्वीननंतर काळी लघवी' एवढं ठळक लिहून ते पीएचसीच्या डॉक्टरांच्या हाती गेलं आहे ना, ते आजच बघा. पुन्हा व्हायव्हॅक्स मलेरिया झाला तर १४ दिवसांचा प्रायमाक्वीनचा कोर्स त्याला द्यायचा का, कसा द्यायचा, हे डॉक्टर ठरवतील. कमतरता असलेल्यांसाठी आठवड्यातून एकदा असा आठ आठवड्यांचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेला आहे, पण तोही डॉक्टरांच्या नजरेखालीच.

आता फिल्म असं का दाखवते ते सांगतो.

अँटीबॉडी प्रथिनाचा आकार ओळखते, त्याचं काम ओळखत नाही. हजेरीपटावर सही आहे म्हणजे माणूस शेतात राबतो आहे असं होत नाही. जी६पीडीचं काम एकच: ग्लुकोज-६-फॉस्फेटमधून हायड्रोजन काढून एनएडीपी या हायड्रोजन वाहणाऱ्या रेणूचं एनएडीपीएच करणं. शरीरातल्या बाकीच्या पेशींना एनएडीपीएच मिळवायच्या आणखी वाटा आहेत. लाल पेशीत केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत, म्हणून तिला ही पेंटोज फॉस्फेटचीच वाट आहे. एनएडीपीएच संपलं की पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं ग्लुटाथायोन पुन्हा तयार होत नाही, प्रायमाक्वीनसारख्या औषधानं सुरू केलेलं ऑक्सिडेशन आवरत नाही, हिमोग्लोबिन गोठून पेशी फुटते आणि ते लघवीत उतरतं. १९५६ मध्ये प्रायमाक्वीनला संवेदनशील असलेल्या लोकांच्या लाल पेशींत नेमकं हेच एन्झाइम कमी आहे असं अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, तिथून हा विषय सुरू झाला.

आपल्या भागासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. १९९५ मध्ये भारतातल्या निरनिराळ्या समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमतरतेचं प्रमाण गटागटाप्रमाणे ३ ते १५ टक्के निघालं, आणि आदिवासी समाजांत बहुतेक कमतरता 'ओरिसा' नावाच्या एकाच प्रकारामुळे असल्याचं दिसलं. शहरी लोकांत मुख्यतः 'मेडिटरेनियन' प्रकार. ओरिसा प्रकारात ४४ व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी ग्लायसिन येतं, आणि ती जागा एनएडीपी धरायच्या खोबणीतली असावी असं संशोधकांनी म्हटलं. त्या एन्झाइमला अर्ध्या वेगानं चालायलाही एनएडीपी नेहमीच्या पाचपट लागतं. म्हणजे प्रथिन पेशीत आहे, घडणही जवळजवळ तीच, पण हाताची पकड गेली. असं प्रथिन तुमच्या पॉलिक्लोनल अँटीबॉडीपुढे ठेवलं तर ती त्याला खुशाल चिकटेल. तुमचा मुलगा याच प्रकारचा आहे असं मी म्हणत नाही. ते डीएनए तपासल्याशिवाय कोणीच म्हणू नये. फक्त बँड जाड आहे यावरून एन्झाइम चालतं आहे हे ठरत नाही.

दुसरं कारण तीन आठवड्यांचं. रक्त फुटलं तेव्हा म्हाताऱ्या पेशी आधी गेल्या, कारण पेशी जुनी होत जाते तसं तिच्यातलं जी६पीडी झिजतं आणि नवं बनवायची सोय तिच्यात नसते. मग अस्थिमज्जेनं घाईघाईनं कोवळ्या पेशी सोडल्या, आणि कोवळ्या पेशींत एन्झाइम भरपूर. आत्ता त्याच्या रक्तात या कोवळ्याच जास्त आहेत. अशा वेळी अँटीबॉडीच काय, चांगली अ‍ॅक्टिव्हिटी टेस्टसुद्धा फसते. म्हणून त्याची तपासणी साधारण तीन महिने थांबून पुन्हा करायची. सिकलसेलच्या रुग्णातही हीच अडचण कायमची असते, त्याच्या रक्तात कोवळ्या पेशी नेहमीच चढलेल्या असतात. विदर्भात सिकलसेल किती आहे ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून आठही जणांची सिकलसेलची नोंद सॅम्पलच्या वहीत असू द्या.

पण तीन महिने हात बांधून बसायची गरज नाही. हा जीन एक्स गुणसूत्रावर आहे, मुलाला तो आईकडून येतो. मुलाचं रक्त आज फसवेल, पण त्याच्या सख्ख्या भावाचं, मामाचं, मावशीच्या मुलांचं फसवणार नाही, ते ठणठणीत असतील तर. त्यांची तपासणी आजही होऊ शकते. त्यांच्यापैकी कोणी कमी निघालं तर या मुलाबद्दलचा संशय पक्का होतो, आणि त्या माणसालाही पुढचा धोका आधीच कळतो. आईची तपासणी जपून वाचायची. बाईच्या काही पेशींत एक एक्स चालू असतो, काहींत दुसरा, त्यामुळे तिचा आकडा मधलाच कुठलातरी येतो आणि 'नॉर्मल'च्या शिक्क्याखाली दडतो.

तिसरं कारण तुमच्या टेबलावरचं आहे: पांढऱ्या पेशी. त्यांच्यात केंद्रक आहे, त्या एन्झाइम बनवत राहतात, प्लेटलेटमध्येही ते असतं. रक्त फिरवल्यावर लाल थरावर जो पांढुरका पापुद्रा बसतो तो थोडासाही राहून गेला तर कमतरता असलेल्या माणसाचं लायसेट (पेशी फोडून केलेलं द्रावण) चांगलं दिसतं. पापुद्रा पिपेटनं काढताना खालच्या लाल थराचा वरचा भागही निर्दयपणे काढून टाका. थोडं रक्त वाया जाऊ द्या. नीट करायचं असेल तर अल्फा-सेल्युलोज आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज सारख्या वजनानं सलाइनमध्ये कालवून पाच मिलीच्या सिरिंजमध्ये छोटा कॉलम भरा आणि रक्त त्यातून गाळा. लाल पेशी उतरतात, पांढऱ्या वर अडकतात. स्वस्त आणि जुनी युक्ती आहे, अजून तिच्यासारखी दुसरी मला मिळालेली नाही.

आता तुमचे नको असलेले बँड. इथे मला मनापासून सांगावंसं वाटतं की अँटीबॉडीला दोष देण्याआधी तिच्याशिवाय ब्लॉट करून बघा.

सुरुवातीच्या काळात मी ज्या लॅबमध्ये होतो तिथे डार्करूम नव्हती. शेजारच्या ग्रामीण रुग्णालयाच्या एक्स-रेच्या खोलीत रात्री आठनंतर फिल्म धुवायची परवानगी मिळाली होती. लाल दिव्याखाली, हायपोच्या वासात, आम्हीही तुमच्यासारखेच १६ आणि ३२ चे काळे डाग पाहून हैराण झालो. अँटीबॉडी बदलली, ब्लॉकिंगसाठी दुधाची भुकटी वाढवली, काही फरक नाही. मग एका रात्री मेम्ब्रेनच्या तीन उभ्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीत तेच सॅम्पल. पहिलीला कुठलीच अँटीबॉडी नाही, नुसतं ईसीएलचं द्रावण, जे पेरॉक्सिडेज या एन्झाइमनं उजळतं आणि फिल्म काळी करतं. दुसरीला फक्त सेकंडरी, म्हणजे मूळ (प्रायमरी) अँटीबॉडीला पकडणारी, पेरॉक्सिडेज जोडलेली दुसरी अँटीबॉडी. तिसरीला प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही. फिल्म डेव्हलपरमध्ये हलवत होतो आणि पहिल्याच पट्टीवर, जिला कुणी हातही लावला नव्हता, खाली दोन ठिकाणी काळं चढायला लागलं. हिमोग्लोबिनमधलं हीम स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं आणि ईसीएल पेटवतं. १६ म्हणजे ग्लोबिनची एक साखळी, ३२ म्हणजे सुट्या न झालेल्या दोन. लाल पेशीच्या विद्राव्य प्रथिनात हिमोग्लोबिनच जवळजवळ सगळं असतं. त्या गर्दीत जी६पीडी म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर. तुमचे खालचे डाग मी न बघताही हेच असणार असं म्हणतो, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, पट्ट्या कापा.

५० चा बँड दुसऱ्या पट्टीवर दिसेल असा माझा अंदाज आहे. तो माणसाच्या आयजीजीच्या, म्हणजे रक्तातल्या नेहमीच्या अँटीबॉडीच्या, जड साखळीचा असावा. लाल पेशी सलाइननं पुरत्या धुतल्या नाहीत तर प्लाझ्मा सोबत येतो, आणि सशाच्या आयजीजीला पकडणारी सेकंडरी माणसाच्या आयजीजीलाही थोडी चिकटते. दोन्ही एकाच कुळातले. तुमच्या फिल्मवर २५ जवळ फिकट रेघ आहे का ते बघा. असेल तर ती हलकी साखळी, आणि चोर सापडलाच. उपाय: थंड सलाइननं तीनदा धुवा, प्रत्येक वेळी वरचं पाणी पूर्ण ओढा, आणि पुढच्या वेळी माणसाच्या सीरमवर अ‍ॅडसॉर्ब केलेली सेकंडरी मागवा. कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असतं, किंमत थोडी जास्त असते, माणसाच्या रक्तावर काम करणाऱ्यानं ती द्यावी.

हीमच्या त्रासावर माझा ठाम सल्ला असा की पेरॉक्सिडेज सोडून अल्कलाइन फॉस्फटेज लावलेली सेकंडरी वापरा आणि बीसीआयपी-एनबीटीनं रंग आणा. हीमला त्यात काही करता येत नाही. जांभळा बँड डोळ्यांसमोर मेम्ब्रेनवरच उमटतो, फिल्म नको, डार्करूम नको, कॅमेरा नको. तालुक्याच्या कॉलेजला हेच परवडतं, आणि विद्यार्थ्यांना समोर उमटताना दिसतं. संवेदनशीलता ईसीएलपेक्षा कमी पडते खरी. म्हणून हिमोग्लोबिन आधी कमी करा: कमी क्षाराच्या फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७ च्या जरा खाली, लायसेट डीईएई-सेल्युलोज या ऋणभाराची प्रथिनं पकडणाऱ्या भुकटीबरोबर हलवलं की जी६पीडी चिकटून राहतं आणि लाल पाणी निथळून जातं. मग जास्त मिठाच्या बफरनं ते सोडवायचं. बफरमध्ये थोडं एनएडीपी आणि ईडीटीए असू द्या. एनएडीपीशिवाय या एन्झाइमची जोडी सुटते आणि ते लवकर मरतं.

पॉझिटिव्ह कंट्रोलची लेन कोरी का राहिली? बाटलीवरचं नाव वाचा. स्वस्तात मिळणारं शुद्ध जी६पीडी बहुतेक वेळा ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जिवाणूचं असतं, नाहीतर यीस्टचं. काम तेच, पण प्रथिनाची ठेवण खूपच वेगळी; माणसाच्या एन्झाइमवर तयार झालेली अँटीबॉडी त्याला ओळखेल अशी अपेक्षाच करू नये. उलट ती कोरी लेन तुमच्या अँटीबॉडीच्या बाजूनंच बोलते आहे. ती बाटली फेकू नका, अ‍ॅक्टिव्हिटी टेस्टचा कंट्रोल म्हणून ती उत्तम. ब्लॉटसाठी माणसाचं रिकॉम्बिनंट (माणसाचा जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं) जी६पीडी घ्या. त्याला टॅग, म्हणजे ओळखीसाठी जोडलेला तुकडा, असेल तर बँड ५९ च्या थोडा वर येईल, घाबरू नका. तेही जमत नसेल तर निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींचं लायसेट लावा, त्यात बँड स्वच्छ येतो.

उन्हाबद्दल. आयजीजी हे दणकट प्रथिन आहे. चार दिवस कोमट खोक्यात राहिल्यानं ते सहसा मरत नाही, आणि तुम्हाला ५९ चा बँड मिळाला आहे. तो फिकट आहे तो हिमोग्लोबिनच्या गर्दीमुळेही असू शकतो. तरी चंद्रपूरला पारा ४६-४७ वर जातो त्या महिन्यात कुरिअरच्या गोदामाच्या पत्र्याखाली काय होतं ते माझ्यावरही गुदरलेलं आहे. एकदा सेकंडरीची अख्खी खेप अशीच गेली, कारण आयजीजी टिकलं तरी त्याला जोडलेलं पेरॉक्सिडेज टिकलं नाही. तेव्हापासून दिवाळी ते होळी या काळातच वर्षाची ऑर्डर द्यायची असा माझा नियम आहे. बाटली आली की उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, अर्धं द्रावण झाकणाला चिकटलेलं असतं. मग १० मायक्रोलिटरचे वाटे करा. अर्धं ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ते गोठत नाही आणि तेच हवं. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीज टाळा. तो दर काही तासांनी गरम होतो, आणि एकदाच्या उन्हापेक्षा हे रोजचं गोठणं-वितळणं अँटीबॉडीला जास्त मारतं. लाइट जाते म्हणून फ्रीझरमध्ये मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या ठासून ठेवा आणि झाकण उघडू नका. आणि कितीही अडचण आली तरी पीएचसीच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या फ्रीजमध्ये, आपली बाटली ठेवायला सांगू नका. तिथली जागा फक्त लसींची.

मग या अँटीबॉडीचं करायचं काय? ती चांगला प्रश्न विचारायला वापरा: एन्झाइम कमी चालतं आहे, ते प्रथिनच नाही म्हणून, की प्रथिन आहे पण निकामी आहे म्हणून? त्यासाठी त्याच लायसेटची अ‍ॅक्टिव्हिटी शेजारी मोजलेली हवी. महागडं यंत्र नको. तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या सेमी-ऑटो अ‍ॅनालायझरला एसजीपीटीसाठी जो ३४० नॅनोमीटरचा फिल्टर असतो, त्याच्यावरच एनएडीपीएच वाढताना दिसतं. आकडा दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे काढा. तापमान मात्र बांधून ठेवा. खोलीत ४० अंश आणि क्युव्हेटला थर्मोस्टॅट नाही, तर सगळं गाव सुदृढ निघेल. पुढचं ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजिनेजही लायसेटमध्ये असतं आणि तेही एनएडीपीएच बनवतं, म्हणून आकडा थोडा फुगतो. त्याचा वेगळा कंट्रोल लावा. अ‍ॅक्टिव्हिटी आणि बँड शेजारी ठेवले की खरं शिकणं सुरू होतं. अँटीबॉडी तपासायच्या ज्या पद्धती २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय गटानं मांडल्या, त्यात अशी स्वतंत्र मोजणीशी गाठ घालणं ही एक आहे. जीन काढून टाकलेल्या पेशी हा सगळ्यात भक्कम पुरावा, पण तुमच्याकडे सेल कल्चर नाही, म्हणून हा मार्ग घ्या.

गावात तपासणीच हवी असेल तर त्यासाठी फ्लुरोसंट स्पॉट टेस्ट किंवा हातात धरायची मोजणीची यंत्रं आहेत. कोरचीकडच्या एका पाड्यावर आम्ही स्पॉट टेस्ट केली होती. अंगणवाडीची खिडकी चादरीनं झाकली, फिल्टर पेपरवर ओळीनं थेंब वाळवले, यूव्ही टॉर्च लावला. सगळे थेंब निळसर उजळले, पाचवा काळाच राहिला. त्या थेंबाचा माणूस बाजूलाच बसला होता. त्यानं विचारलं, "माहाच काहून विझला जी?" त्याला समजावायला अर्धा तास लागला, आणि तो त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास होता. त्याच्या घरात तेव्हा मलेरियाचा पेशंट होता.

तुमच्या बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलं आहे ते कंपनीनं हात झटकायला छापलेलं नाही. निदानाच्या किटला आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना लागतो, कारण तिच्यावर कुणाची तरी गोळी ठरते. आठ जणांचं रक्त घेतलं आहे तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि त्यांना कळेल अशा भाषेत, गोंडी असो की माडिया, घेतलेली संमती तुमच्याकडे असायला हवी. नसेल तर पुढचं सॅम्पल घ्यायच्या आधी ते काम करा, जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजची कमिटी यात मदत करू शकते.

पट्ट्या कापून झाल्या की तिन्हींचा फोटो टाका, मार्करच्या शिडीसकट, कडा न कापता. प्रायमरी किती पातळ केली आणि प्रत्येक लेनमध्ये किती प्रथिन घातलं तेही लिहा. आणि मुलाच्या मामाचं काय निघालं ते कळवा, फोटोच्या आधी.